उजवा रकाना

१

सकाळचा चहा झाला, कपबश्या विसळून पालथ्या घातल्या, की त्या घरात भागाकार सुरू व्हायचे. दुसऱ्यांच्या घरी या वेळेला बातम्या लागतात, नाहीतर भांडणं. इथे मास्तर पुढच्या खोलीतल्या टेबलाशी बसायचे आणि ताळेबाई स्वयंपाकघरातल्या. मधलं दार लोटून घ्यायचं. दोघांपुढे तीच संख्या, तोच भाजक, आणि एकमेकांच्या कागदात डोकवायचं नाही असा कडक नियम.

मास्तर शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, ताळेबाई त्यांची बायको. हे नाव त्यांना छापखान्यात पडलं. छापलेले आकडे मूळ कागदाशी ताडून बघायचं काम त्यांनी तिथे तीस वर्षं केलं, आणि ताळा केल्याशिवाय एक आकडा त्या पुढे सोडत नसत. तरुणपणी मास्तरांचं अंकगणिताचं पुस्तक त्या छापखान्यात आलं, तेव्हा शेवटी दिलेल्या उत्तरांपैकी अकरा चुकीची म्हणून ताळेबाईंनी परत पाठवली. मास्तर तावातावाने भांडायला आले. दोन तास बसून दोघांनी अकराही गणितं वेगवेगळ्या कागदांवर सोडवली, आणि मग मास्तर पडेल आवाजात म्हणाले, "चहा घेणार का?" त्यांच्या संसाराची सुरुवात ही अशी.

निवृत्त झाल्यावर मास्तरांनी एक जाड वही आणली. एक मोठी पूर्ण संख्या घ्यायची आणि तिचे सगळे गुणधर्म काढायचे. अवयव कोणते, विभाजक किती, विभाजकांची बेरीज किती, दोन वर्गांच्या बेरजेत बसते की नाही. त्यासाठी आधी ती कशाने भागली जाते ते शोधायचं, म्हणजे एकेका मूळ संख्येने भाग देत वर वर जायचं. भाग देऊन झाला की ताळेबाई आपला कागद घेऊन पुढच्या खोलीत यायच्या आणि मास्तरांच्या समोरच्या वेताच्या खुर्चीत बसायच्या. मास्तर विचारायचे, "किती उरले?" डाव्या रकान्यात त्यांची बाकी आधीच लिहिलेली असायची, हाताखाली झाकून. उजव्या रकान्यात ताळेबाई आपल्या हाताने आपली लिहायच्या. जुळली तर बरोबरची खूण. नाही जुळली तर दोघांनी कोरा कागद घेऊन पहिल्यापासून सुरुवात. कुणाचं चुकलं हे विचारायचं नाही, आणि दोघांचं जुळल्याशिवाय काहीही खरं मानायचं नाही.

बाहेरच्याला यात काय गोडी वाटणार? पण ताळेबाईंचा सगळा जीव त्या अर्ध्या मिनिटात होता. मास्तर चष्म्यावरून बघत प्रश्न विचारायचे आणि त्यांच्या बाकीचा ताळा त्या घडीला जगात फक्त ताळेबाईंपाशी असायचा. सदुसष्टाव्या वर्षी नवऱ्याने आपल्याकडे असं बघावं, यापेक्षा बाईमाणसाला आणखी काय हवं!

२

वहीतली बेचाळिसावी संख्या दोघांनी मिळून केली. एक अंक मास्तरांनी सांगायचा, एक ताळेबाईंनी, असं करत अकरा अंक झाले: ३०७७०४०९७८१. तीस अब्ज, सत्त्याहत्तर कोटी, चार लाख, नऊ हजार, सातशे एक्याऐंशी. शेवटचा एक मास्तरांचा. "शेवटी सम अंक आला तर पोरखेळ व्हायचा," ते म्हणाले.

साताने भाग दिला, सहा उरले. अकराने दिला, एक उरला. तेराने दिला, सात उरले. रोज सहा भाजक घ्यायचे असा त्यांचा शिरस्ता. एरवी आठवडाभरात कुठेतरी भाग जायचा आणि संख्या मोडायची. ही मोडेना. दोन आठवडे झाले, तीन झाले, पान उलटलं, बाक्यांची रांग लांबत चालली आणि एकही शून्य नाही.

"ही मूळ संख्याच असावी," मास्तर एके दिवशी म्हणाले. त्यांनी मागच्या पानावर हिशेब मांडला. खात्री करायची तर पावणेदोन लाखांच्याही थोडं पुढे जावं लागणार, म्हणजे जवळजवळ सोळा हजार भाजक. रोज सहा धरले तर सात वर्षं आणि वर काही महिने.

"सात वर्षं!" ताळेबाई हसल्या. "तोवर आपण राहणार आहोत का?"

मास्तर हसले नाहीत. "लागू देत की," ते म्हणाले, आणि वहीच्या पानावरून त्यांनी हलकेच हात फिरवला.

त्या हाताकडे ताळेबाईंनी पाहिलं. त्यानंतर त्यांच्या कानावर एकेक गोष्ट पडू लागली. आंघोळ करताना मास्तर अंक म्हणत, गाणं गुणगुणावं तसे. भाजी घ्यायला गेले तर फूटपाथवर थबकत आणि स्वतःशी म्हणत, "नाही, ही कुणाला दाद द्यायची नाही." आणि ते म्हणताना खुशीत असत. नवरा एखाद्या बाईच्या नादी लागला तर चार शेजारणी गोळा करून रडता तरी येतं. संख्येच्या नादी लागला हे कुणाला सांगणार? लोक आधी तुम्हालाच डॉक्टरकडे नेतील.

३

एकतिसाव्या दिवशीच्या सहा भाजकांत पाचवा होता ११०३. ताळेबाईंची बाकी आली एक्केचाळीस. कागद घेऊन त्या पुढच्या खोलीत गेल्या, वेताच्या खुर्चीत बसल्या आणि पेन्सिल उचलली. उजव्या रकान्यात आधीच लिहिलेलं होतं: ३०. पुढे बरोबरची खूण.

"हे कुणी लिहिलं?"

"म्हणजे काय? तूच." मास्तर पुढच्या भाजकाची तयारी करत होते.

"मी आत्ता येतेय."

"अगं, मघाशी आलीस, बसलीस, तीस म्हणालीस, लिहिलंस आणि गेलीस." त्यांनी मान वर केली. "बरं वाटत नाही का तुला?"

ताळेबाईंनी आकडा निरखला. अक्षर त्यांचंच होतं. त्यांचा तीन असाच, पोट जरा बाहेर काढलेला. फक्त त्यांचा हात गेली चार-पाच वर्षं किंचित थरथरायचा आणि शून्याची गाठ नीट मिळायची नाही. हे शून्य मात्र गोल होतं, सुबक, एका दमात काढलेलं. त्या चाळिशीत काढायच्या तसं.

वय झालं की माणूस विसरतो, हे ताळेबाईंना मान्य होतं. चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणं त्यांनीही केलं होतं. पण आपण येऊन, बसून, बोलून, लिहून गेलो आणि ते आठवत नाही, मग हातातल्या कागदावर एक्केचाळीस कसे? त्या आत गेल्या आणि पहिल्यापासून भाग दिला. शेवटच्या ओळीला हातच्याची चूक सापडली. बाकी तीसच होती.

त्यांना भीती वाटायला हवी होती. वाटला तो अपमान. कुणीतरी त्यांच्या जागी बसून, त्यांच्या अक्षरात, त्यांच्यापेक्षा बरोबर उत्तर दिलं होतं, आणि मास्तरांना फरक कळला नव्हता.

४

आता कोण असेल, याचा ताळेबाईंनी रीतसर शोध घेतला. पहिला संशय खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईवर. विधवा, नीटनेटकी, मास्तरांना जिन्यात भेटली की "काय मास्तर, आज काय मोडलं?" असं विचारून हसणारी. ताळेबाई ब्लाउजचं माप द्यायचं निमित्त काढून तिच्याकडे गेल्या आणि बोलता बोलता म्हणाल्या, "तुम्हाला काय हो, भागाकार येत असतील मोठमोठे?"

"छातीच्या मापाला चारने भागते तेवढंच," शिंपीणबाई म्हणाली. "पुढचं मशीनला विचारा."

ब्लाउज मात्र छान शिवला तिने. संशय तिथेच मिटला आणि ताळेबाईंना उगाच वाईट वाटलं, कारण शिंपीणबाई असती तर निदान तिच्याशी भांडता आलं असतं.

मग त्या दारापाशी बसून ऐकू लागल्या. भाजक घेतला की स्वतःचं काम पाच मिनिटं थांबवायचं आणि कान द्यायचा. पहिल्या दिवशी नेहमीचेच आवाज. मास्तरांचा खोकला, कागद सरकवल्याचा, खिडकीच्या तावदानाचा. पेन्सिलीचा. मास्तरांची पेन्सिल जोर देऊन चालायची, शाळेतल्या फळ्यावर खडू चालतो तशी. दुसऱ्या दिवशी ताळेबाईंना तिच्याखाली दुसरी पेन्सिल ऐकू आली. हलकी, भरभर, न अडखळता. मास्तरांची थांबायची तेव्हा ही चालू असायची, आणि मग हीही थांबायची. वेताची खुर्ची करकरायची. मास्तर हलक्या आवाजात विचारायचे, "किती उरले?"

उत्तर त्यांना कधी ऐकू आलं नाही. उत्तरानंतरची शांतता तेवढी ऐकू यायची, आणि त्यानंतर मास्तरांचं "वा."

पंचेचाळीस वर्षांच्या संसारात मास्तर ताळेबाईंना एकदाही "वा" म्हणाले नव्हते. जुळलं की खूण करायचे आणि पुढच्याला लागायचे. बाकी जुळणं हे कर्तव्य आहे, त्यात वा कसली, असंच ताळेबाईही मानत आल्या होत्या. त्या दिवशी दाराला पाठ लावून बसल्या बसल्या त्यांच्या अंगाची लाही लाही झाली. त्यांनी धाडकन दार उघडलं.

मास्तर एकटे होते. समोरची खुर्ची टेबलापासून थोडी मागे सरकलेली. ताळेबाईंनी बैठकीवर हात ठेवला. वेत गरम होता.

"ऊन येतं तिथे," मास्तर म्हणाले.

ऊन खिडकीच्या कठड्यापर्यंतच आलं होतं.

५

लेकीचा फोन आला तेव्हा ताळेबाईंनी आडून आडून विषय काढला. "तुझ्या बाबांना माझी गरज उरलेली नाही गं."

"आई, तुम्ही भांडलात का परत? कशावरून?"

"भाजकावरून."

लेक खदखदून हसली. ताळेबाईंनी फोन ठेवला.

त्याच आठवड्यात मास्तर स्वयंपाकघरात आले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुझे डोळे दुखतात, हात भरून येतो. उद्यापासून राहू दे तुझं. मी बघतो." इतक्या मायेने म्हणाले की ताळेबाईंना ओरडताही येईना. रागावले असते तर बरं होतं.

"आणि ताळा कोण करणार?"

मास्तरांनी खांद्यावरचा हात काढून घेतला.

"तुमचाच नियम आहे. दोघांचं जुळल्याशिवाय खरं नाही. दुसरं कोण आहे तिथे?"

"तू समजूतदार आहेस," मास्तर खुर्ची ओढून बसले. त्यांचा चेहरा शांत होता, वर्गात अवघड पाठ सोपा करून सांगताना व्हायचा तसा. "मी सुरुवातीला तूच आहेस असं समजत होतो. खरंच सांगतो. मग एकदा लक्षात आलं की तू आत खोकतेयस आणि समोरही बसलीयस. पण आपण काय शोधतोय? तिला भाग दिला तर काय उरतं ते. मग ते तिच्याइतकं आणखी कुणाला ठाऊक असणार? तुला-मला भागावं लागतं. तिला ते नुसतं आठवावं लागतं."

"ती कोण?"

मास्तरांनी मान कलवून पुढच्या खोलीकडे बघितलं. टेबलावर वही उघडी होती. वरच्या ओळीत अकरा अंक.

"आपण दोघांनीच तर केली तिला," ते म्हणाले.

हे म्हातारपणाचं खूळ आहे, उद्या डॉक्टरांना दाखवू, असं ताळेबाईंचं एक मन म्हणत होतं. दुसरं मन काही म्हणत नव्हतं, नुसतं जळत होतं.

६

पण ताळेबाई हार मानणाऱ्यांतल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवसापासून पुढच्या खोलीत दोन पेन्सिली चालू लागल्या की स्वयंपाकघरात तिसरी चालू लागे. त्यांना कुणी भाजक देत नव्हतं, विचारत नव्हतं. त्या आपल्या आपण घेत, आणि रोज सहा नाही, दहा-दहा. बोटांना घट्टे पडले. भाजी दोनदा करपली. मास्तरांनी करपलेली भाजी न बोलता खाल्ली, आणि त्याचाही ताळेबाईंना राग आला, कारण ती करपलीय हे त्यांना कळलंच नव्हतं.

दुपारी मास्तर फिरायला गेले की त्या वही उघडून आपल्या बाक्या उजव्या रकान्याशी ताडून बघत. १४०९ ला त्यांची तेराशे चोवीस, तिचीही तेराशे चोवीस. सगळ्या बरोबर. एकही चूक नाही, खाडाखोड नाही. डाव्या रकान्यात मास्तरांचं अक्षर दिवसेंदिवस सैल होत चाललं होतं. त्यांनी भाग द्यायचं सोडलं होतं हे ताळेबाईंच्या लगेच लक्षात आलं. टेबलाखालच्या टोपलीत त्यांचे कच्चे कागदच नव्हते. ती सांगायची आणि ते उतरवून घ्यायचे.

असं करत ताळेबाई पुढे निघून गेल्या. मास्तर सोळाशेंच्या आसपास असताना त्या एकोणीसशेंत पोचल्या. एका दुपारी त्यांनी १९८७ घेतला. ही तीनशेवी मूळ संख्या. अंक एकेक खाली उतरत गेले, आणि शेवटी उरले पाच हजार नऊशे एकसष्ट. त्यात एकोणीसशे सत्त्याऐंशी तीनदा जातो. चोख. खाली शून्य.

ताळेबाईंनी ते शून्य कितीतरी वेळ बघितलं. मग कोरा कागद घेऊन पुन्हा भाग दिला. मग उलटा गुणाकार केला. १९८७ गुणिले १५४८५८६३. तीस अब्ज, सत्त्याहत्तर कोटी, सगळं जसंच्या तसं.

म्हणजे ही मोडते. सात वर्षं कसली, पन्नासाव्या दिवशी मोडते. ताळेबाई घरात एकट्या होत्या, आणि त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी पदर तोंडावर घेतला. त्यांनी मास्तरांना काही सांगितलं नाही. पन्नासावा दिवस यायला आठ दिवस होते. ती काय लिहिते ते त्यांना बघायचं होतं.

त्या आठ दिवसांत त्यांनी एकही भाजी करपवली नाही.

७

पन्नासाव्या दिवशी मास्तर फिरायला जाईपर्यंतही ताळेबाईंना धीर धरवेना. खोलीतून "वा" ऐकू आलं तशा त्या आत गेल्या आणि वही आपल्याकडे ओढली. शेवटची ओळ: १९८७. डावीकडे एक. उजवीकडे एक. बरोबरची खूण.

"खोटारडी!" त्या मोठ्याने म्हणाल्या, वेताच्या खुर्चीकडे बघून.

"काय झालं?"

"भाग द्या. माझ्यासमोर. स्वतःच्या हाताने."

"तू हे मत्सराने करतेयस," मास्तर म्हणाले.

"हो, मत्सरानेच करतेय. भाग द्या."

मास्तरांनी पेन्सिल उचलली आणि खाली ठेवली. पुन्हा उचलली. कितीतरी दिवसांनी ते स्वतः भागत होते, आणि अनोळखी रस्त्यावर चालावं तसे जपून चालले होते. खोलीत दुसरा आवाज नव्हता. दोनच अंक उतरवायचे राहिले तेव्हा ते थांबले आणि समोर बघून अगदी हळू म्हणाले, "सांगायचंस ना मला." ते ताळेबाईंना उद्देशून नव्हतं.

"खाली बघा. आठ उतरवा," ताळेबाई म्हणाल्या.

आठ उतरला. एक उतरला. पाच हजार नऊशे एकसष्ट. मास्तरांनी खाली तीच संख्या लिहिली, रेघ मारली, आणि रेघेखाली शून्य काढलं. ते काढताना वेताची खुर्ची करकरली, कुणी बसताना नाही, उठताना करकरते तशी. ताळेबाईंनी वहीत दोन्ही एक खोडले, दोन्हीकडे शून्य मांडलं, आणि खाली जाड अक्षरांत लिहिलं: ३०७७०४०९७८१ = १९८७ × १५४८५८६३. वही मिटली.

दुपारी मास्तर स्वयंपाकघरात येऊन बसले. जेवले, ताटात काय आहे ते बघून जेवले. "मीठ बरोबर आहे," असंही म्हणाले. ताळेबाईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. नवरा परत मिळाला होता. त्या संध्याकाळी दोघं बागेपर्यंत फिरून आली, आणि परत येताना मास्तरांनी जिन्यात त्यांचा हात धरला.

८

सकाळी चहा झाला. कपबश्या विसळत असताना ताळेबाईंना पुढच्या खोलीतून पेन्सिल ऐकू आली. जोर देऊन चालणारी. लागले वाटतं नव्या संख्येला, असं म्हणून त्या हसल्या आणि हात पुसत वळल्या. मास्तर त्यांच्या मागे, स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसलेले होते. त्यांच्या हातात अजून कप होता.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. पुढच्या खोलीत दुसरी पेन्सिल सुरू झाली, ती हलकी, भरभर चालणारी. दोन्ही चालल्या. मग जड पेन्सिल थांबली आणि एक पुरुषी आवाज म्हणाला, "किती उरले?" आवाज मास्तरांच्यासारखा होता, पण तरणा.

आणि या वेळी उत्तर ऐकू आलं. शब्द नाहीत, नुसता सूर. बाईचा. सांगता सांगता ती हसली, थोडंसंच, ज्याला सांगितलं त्याच्यापुरतं.

ताळेबाई दारापाशी गेल्या. दार बोटभर उघडं होतं. टेबलाचा तुकडा दिसला, उघडी वही दिसली, आणि वहीच्या दोन बाजूंना दोन कोपरं. एक मास्तरांच्या खुर्चीतलं. शर्टाची बाही दुमडलेली, आणि बाहीच्या पुढे जे होतं ते बघायच्या आत दोन्ही पेन्सिली एकदम थांबल्या. दार आतून सावकाश लोटलं गेलं. कडी लागल्याचा आवाज आला. त्या दाराला आतून कडी नव्हती.

मोडली म्हणजे एकीचे दोन होतात, हे शाळेतल्या पोरानेही सांगितलं असतं.

त्या मागे वळल्या. मास्तर उठून त्यांच्या खांद्यामागे येऊन उभे होते, पांढरेफटक. ताळेबाईंना वाटलं ते घाबरले आहेत. मग त्यांनी नीट बघितलं. ओठ आवळलेले, नाकपुड्या फुललेल्या, डोळे त्या मिटल्या दारात रुतलेले. ते घाबरले नव्हते.

"माझ्याशी बोलताना कधी हसली नाही ती," मास्तर म्हणाले.

छापखान्यात आठ पुरुषांबरोबर ताळेबाईंनी तीस वर्षं काम केलं. त्यातले दोघं-तिघं त्यांना घरापर्यंत सोडायला यायचे, दारात उभे राहून गप्पा मारायचे. मास्तर आतून विचारायचे, "चहा टाकू का सगळ्यांना?" हा चेहरा मास्तरांकडे आहे हेच त्यांना माहीत नव्हतं.

मास्तर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले. त्यांनी दोन कोरे कागद घेतले, एक स्वतःपुढे ठेवला, एक समोर सरकवला.

"बस," ते म्हणाले. "आपणच मोडली, आपणच जोडू. १५४८५८६३ गुणिले १९८७. दोघांनी करायचं आणि जुळलं की मी खूण करणार. मग परत एक होईल ती. ये गं, बस ना. तुझ्याशिवाय नाही व्हायचं हे."

तुझ्याशिवाय नाही व्हायचं. ताळेबाई बसल्या. त्यांनी गुणाकार केला. सवयीच्या हाताला काही वेळ लागला नाही. सातने, आठने, नऊने, एकने, चार ओळी एकीखाली एक, आणि मग बेरीज. पुढच्या खोलीत पुन्हा कुणी काही विचारलं, पुन्हा ती हसली. मास्तरांची पेन्सिल मोडली, त्यांनी दुसरी घेतली.

"झालं?" मास्तरांनी हाताने आपला कागद झाकला आणि चष्म्यावरून ताळेबाईंकडे बघितलं. प्राण डोळ्यांत आणून बघितलं. "किती आले?"

ताळेबाईंच्या पुढ्यात उत्तर तयार होतं. अकराही अंक बरोबर.

"तीस अब्ज," त्या सावकाश म्हणाल्या, "सत्त्याहत्तर कोटी, पाच लाख, नऊ हजार, सातशे एक्याऐंशी."

मास्तर बघत राहिले. ते अंक त्यांना झोपेतही पाठ होते. चार लाखांच्या जागी पाच लाख आले कसे, हे त्यांना कळलं, आणि त्यांना कळलं हे ताळेबाईंना कळलं. कुणाचं चुकलं हे विचारायचं नाही, असा नियम होता.

मास्तरांनी दोन कोरे कागद घेतले आणि एक ताळेबाईंपुढे सरकवला.